सासऱ्यांची घरघर आणि मशीनचा गुडघा

मी विसराळू आहे, हे बायकोचं मत. (तिची आणखीही मतं आहेत, ती मी विसरलो.) म्हणून एकदा ऑफिसातून येताना मी खिशात मावणारी एक वही आणली. वही म्हणजे काय, जाड कोरी कार्डं आणि ती अडकवायला कडेला तीन चकत्या. कार्ड ओढलं की अलगद सुटतं, दाबलं की परत बसतं, कुठलंही कार्ड कुठेही. पहिली संध्याकाळ मी नुसता ओढण्यात आणि दाबण्यात घालवली.

कामही लगेच निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कपडे धुण्याच्या मशीनसाठी मेकॅनिक यायचा होता, आणि दहालाच मला सासऱ्यांना डॉक्टरांकडे न्यायचं होतं. सासरे आमच्याकडे मुक्कामाला होते. माणूस मोजकं बोलणारा. माझ्याशी तर मोजायचीही गरज पडत नाही. बायकोने कपड्यांच्या घड्या घालता घालता दोघांच्या तक्रारी सांगितल्या, मी एकेका कार्डावर उतरवल्या. वर ठळक मथळा दिला, ‘सकाळी दहा’. दोन्हींवर.

निघताना मी ऐटीत एक कार्ड ओढून बायकोच्या हातात दिलं, मेकॅनिकसाठी. मजकूर तिचाच, त्यामुळे तिने न वाचता ते मशीनवर ठेवलं.

डॉक्टरांनी काय होतंय विचारलं. सासऱ्यांनी तोंड उघडायच्या आत मी वही उघडली आणि खणखणीत आवाजात वाचू लागलो. (इतक्या वर्षांच्या कारकुनीत वाचलेल्या एकाही कागदाचा अर्थ माझ्या डोक्यात शिरलेला नाही. त्याशिवाय नोकरी टिकत नाही.)

“सुरुवातीला घरघर. मग थरथर. जोर धरला की जागा सोडून पुढे सरकणे. खालून पाणी गळणे. मधेच बंद पडणे. दोन लाथा घातल्या की परत चालू.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. लाथा कोण घालतं, असं त्यांनी विचारलं. कार्डावर तसं काही नव्हतं, म्हणून मी अंदाजाने सांगितलं, की घरात ज्याला वेळ असेल तो.

सासरे भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत बसले होते. पोटच्या पोरीने आपल्याबद्दल हे असं लिहून दिलं, या धक्क्याने त्यांची वाचाच गेली होती. (हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, नेहमीसारखेच गप्प आहेत.)

“कधीपासून होतंय?” डॉक्टरांनी हलकेच विचारलं.

“गॅरंटी संपल्यापासून.”

हेही कार्डावरच होतं, पण या वेळी वाचलेलं माझं मलाही ऐकू आलं. तेवढ्यात बायकोचा फोन आला. मेकॅनिक विचारत होता, की मशीनचा डावा गुडघा नेमका कुठे असतो, आणि जिने चढताना ते धापा टाकतं म्हणजे त्याला वर नेतं कोण. मी मुकाट्याने फोन डॉक्टरांच्या हातात दिला. पुढची तपासणी फोनवरच बायकोच्या सांगण्यावरून पार पडली. मला बाहेर बसायला सांगण्यात आलं.

मी सासऱ्यांची माफी मागितली. त्यांनी परस्पर रिक्षाला हात केला.

घरी मशीन गुणी बाळासारखं फिरत होतं. सासरे पाणी प्यायले, पेला खाली ठेवला आणि मुलीला म्हणाले, “पुढच्या वेळी यांना नको पाठवूस. त्या मेकॅनिकला पाठव. त्याला निदान शंका तरी आली.”

मी हसलो. सासऱ्यांनी विनोद केला की जावयाने हसावं. बायको हसली नाही.

“विचारलंय मी, बाबा,” ती म्हणाली. “गुरुवारी मोकळा आहे तो.”