न वाजवलेली वीट

आमच्या शेजारचे रंगनाथअण्णा रोज सकाळी स्वतःच्याच घराच्या भिंती ठोठावतात. बोटाचं पेर विटेवर मारायचं, कान लावायचा आणि निकाल द्यायचा. "टन्न! पक्की." "ही जराशी बद्द. भट्टीच्या कडंची दिसती." गारखेड्यात नवीन आलो तेव्हा मला वाटलं, म्हातारा गुप्तधन शोधतोय.

माणसांनाही त्यांचा हाच निकष. मला पहिल्याच भेटीत म्हणाले, "तुमी पिवळी वीट. अजून दोन दिवस भट्टीत पायजे होते." बायको अजून हसते.

घराचा विषय निघाला की मात्र त्यांचे डोळे अर्धवट मिटतात. इथं पूर्वी त्यांचं वावर होतं. वडिलांनी त्याच वावरातली माती मळली, तिथंच भट्टी लावली आणि तिथंच घर उभं केलं. "जमीनच उठून उभी राहिली, बस्स!" दीड विटेची भिंत, चुन्याचे सांधे, दारावर कमान, लोखंडाचं नाव नाही. ऐकता ऐकता मलाही त्या भिंतींमागं ज्वारी डोलताना दिसते आणि चहा गार होतो.

एवढ्या नेटक्या थरांत एकच वीट वेडी. स्वयंपाकघराच्या दाराशी उभी लावलेली, कॅलेंडरखाली झाकलेली, कड तेवढी दिसणारी. चूक असेल, म्हणून मी कधी विचारलं नाही.

यंदा ओल आली. पुण्याहून मुलगा, सुनील, आला आणि आतून सगळं प्लास्टर करायचं ठरलं. अण्णा आठवडाभर भांडले, मग कबूल झाले. पण गवंडी स्वयंपाकघराशी पोचला तसे अण्णा त्या कॅलेंडरला पाठ लावून उभे राहिले, ते हलेनात. सुनीलनं मला हाक मारली.

"अण्णा, सरका की," मी म्हणालो.

"समदं घर लिपा. येवढी वीट सोडा."

त्यांनी स्वतःच कॅलेंडर काढलं. विटेवर पाच बोटांसकट एक लहानसं पाऊल उमटलेलं होतं.

काकूंचं, अण्णांच्या बायकोचं. त्या जाऊन चार वर्षं झाली. लग्न होऊन आल्या त्याच आठवड्यात वाळत घातलेल्या ओल्या विटांवर त्यांचा पाय पडला होता. "बाप लई वरडला. असली वीट फेकत्यात. म्या गुपचूप भट्टीत सरकवली, अन् पाऊल दिसावं म्हणून उभी लावून घेतली." सुनीललाही हे माहीत नव्हतं.

मी अण्णांसारखं ठोठावायला बोट पुढं केलं. अण्णांनी मनगट धरलं.

"ती नगं. येकदाबी नाय वाजवली."

"का हो?"

"कडंला, घाईत भाजलेली हाय. बद्द वाजली तर?"

मी बोट मिटलं. "पक्कीच आहे, अण्णा."

"व्हय ना?" अख्ख्या गल्लीला निकाल देणारे अण्णा माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

"टन्न," मी म्हणालो.

सुनीलनं कॅलेंडरचा खिळा उपटला आणि गवंड्याला त्या विटेभोवती चौकट सोडायला सांगितलं.