डिस्क, ड्रम आणि उताराखालची जागा

एका जंगलात, बाळांनो, सात वळणांचा घाट होता. घाट असल्यामुळे राजाकडे गाडी होती. राजा म्हणजे वाघ. वाघ चालू शकतो हे मलाही ठाऊक आहे, पण राजाने चालणे बरे दिसत नाही.

वाघमहाराज गाडी स्वतः चालवत. घाटमाथ्यावर आले की ते गाडी न्यूट्रलमध्ये टाकत. "उतार आहे ना, मग इंजिन कशाला?" असे ते म्हणत. पेट्रोल वाचे. मग सातही वळणे महाराजांचा पाय ब्रेकवर. तळाशी येईपर्यंत चाकांतून धूर निघे, ब्रेक लागेनासा होई, आणि गाडी रानडुकरांच्या चिखलात जाऊन थांबे. रानडुकरांची मात्र कधी तक्रार आली नाही, कारण तक्रारही महाराजांकडेच करायची होती.

शेवटी दरबार भरला. प्रधान होता तरस. तो म्हणाला, "दोष ड्रम ब्रेकचा आहे, महाराज. जुनाट वस्तू. डिस्क ब्रेक मागवू."

ड्रमच्या बाजूनेही काही जण उठले. त्यांचे म्हणणे, आमच्या बापजाद्यांच्या गाड्या ड्रमवरच थांबल्या. दुपारपर्यंत दोन तट पडले. ब्रेक म्हणजे नेमके काय, हे दोन्ही तटांत कुणालाच माहीत नव्हते, त्यामुळे चर्चा छान रंगली.

मग घोरपडीला बोलावले. जंगलातली एकमेव मेकॅनिक ती. धरून ठेवणे म्हणजे काय, ते घोरपडीला कुणी शिकवावे?

ती म्हणाली, "ड्रम म्हणजे झाकण ठेवलेलं पातेलं. उष्णता आतच कोंडते. पण स्वस्त पडतो आणि हँडब्रेकला घट्ट धरतो. डिस्क म्हणजे उघडा तवा. वारा लागतो, लवकर निवतो. घाटात डिस्क चांगली, हे खरंच. पण महाराज, न्यूट्रलमध्ये उतरलात तर तवासुद्धा करपेल. दुसऱ्या गिअरात उतरा, म्हणजे इंजिनच गाडी आवरून धरेल."



"बाई," तरस म्हणाला, "विषय ब्रेकचा आहे. महाराजांच्या पायाचा नाही."

डिस्क मागवायचे ठरले. आणि त्या जंगलात एक जुना नियम होता. जो ब्रेक बसवेल, त्याने पहिल्या चाचणीला उताराच्या तळाशी, रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे. घोरपडीच्या आधी जंगलात तीन मेकॅनिक होते.

खोके आले. घोरपडीने उघडले, तर डिस्क भलत्याच गाडीच्या मापाच्या. तरसाने चित्र बघून मागवल्या होत्या. चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी. घोरपडीची अंडी वारुळात होती, फुटायला आठ दिवस होते. ती फार घाबरली. कुणीही घाबरले असते.

मग तिने जुन्या ड्रमनाच नवे लायनर लावले आणि चाकांवर चकचकीत व्हीलकॅप बसवल्या. गाडी घाटमाथ्यावर नेली, गिअरची दांडी दुसऱ्यात घातली आणि खाली सागाची पाचर ठोकली. मग तळाशी जाऊन उभी राहिली आणि डोळे मिटले.

महाराजांनी दांडी ओढली, ती हलेना. गाडी घूं घूं करत, सासरी निघालेल्या मुलीसारखी सावकाश सातही वळणे उतरली. घोरपडीपासून चार हातांवर थांबली. धूर नाही की वास नाही.

"डिस्क ती डिस्क," सगळा दरबार म्हणाला. ड्रमवाल्यांनी तर जाहीर माफी मागितली.

महाराज खूश झाले. "ब्रेक फर्मास आहे. फक्त ती दांडी अडकते, तेवढी मोकळी करा. उद्या नेहमीसारखं न्यूट्रलमध्ये उतरून बघू. पण हे ब्रेक बसवले कुणी?"

घोरपड तोंड उघडणार, तोच तरस पुढे झाला. "मीच, महाराज. सुचवले मी, मागवले मी आणि खरं सांगायचं तर बसवलेही मीच. बाईंनी नुसता पाना धरला."

"मग उद्या तळाशी तूच उभा राहा," महाराज म्हणाले.

बाळांनो, घोरपड मनाने चांगली होती. तिने तरसाला झाडामागे गाठले. "तरसराव, गाडीला डिस्क नाहीच. जुने ड्रमच आहेत. उद्या उभे राहू नका."

तरस हसला. "श्रेयात वाटा हवाय होय, बाई?"

"नको हो," ती म्हणाली. हुकमाप्रमाणे तिने पाचर काढली आणि ती वारुळाकडे गेली.

सध्या त्या जंगलात नवा प्रधान आहे. डिस्कमध्ये काही दम नाही, ड्रमच बरे होते, असे त्याचे मत आहे. महाराजांना ते पटते. घोरपडीची सगळी पिल्ले सुखरूप आहेत.

तात्पर्य : आपल्या कामाचे श्रेय कुणी लाटत असेल, तर त्याला एकदा सावध करावे, आणि मग बाजूला होऊन पुरता रस्ता द्यावा.