पाना निवड समितीची तातडीची बैठक

आमच्या कार्यालयाची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकली, यात बातमी अशी काही नव्हती. ती अधूनमधून अडकतेच. इतर सर्व कार्यालयांच्या लिफ्ट, पंप आणि पंखे चालू ठेवणं हे आमच्या कार्यालयाचं काम असल्याने स्वतःच्या लिफ्टकडे बघायला आम्हाला सवड मिळत नाही. या खेपेला मात्र आत खुद्द साहेब होते, आणि साहेबांसोबत वहिनी होत्या.

वहिनी सहसा कार्यालयात येत नाहीत. त्या दिवशी त्या साहेबांना न्यायला आल्या होत्या. त्यांची एकुलती एक मुलगी पहिल्या नोकरीसाठी संध्याकाळच्या गाडीने परगावी निघाली होती, आणि मागे ती कॉलेजच्या वसतिगृहात राहायला गेली तेव्हा साहेब कसल्याशा आढावा बैठकीत होते. या वेळी वहिनींनी धोका पत्करला नाही. त्यांनी साहेबांना हाताला धरून खुर्चीतून उठवलं, लिफ्टमध्ये घातलं आणि स्वतः बटण दाबलं. इथपर्यंत सगळं त्यांच्या मनासारखं झालं.

लिफ्ट जुनी, जाळीच्या दरवाजाची. तिसऱ्या मजल्याच्या फरशीवर पालथं पडलं की चार बोटांच्या फटीतून साहेबांचं कपाळ आणि वहिनींचा चष्मा दिसे. फिटर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन आला आणि पालथा पडून म्हणाला, "ब्रेक धरून बसलाय साहेब. त्याच्यावरचा एकोणीस नंबरचा नट सैल केला की लिफ्ट हाताने खाली सोडता येईल. पाच मिनिटांचं काम. फक्त पाना हवा."

"मग घे की पाना."

"आपल्या पान्याचं तोंड फाकलंय. आता त्यात एकवीसचा नट आरामात बसतो, एकोणीसचा नुसता हलतो."

"मग कळवलं का नाही?"

"कळवलं होतं. तुम्हीच समिती नेमलीत."

हे खरं होतं. त्या पाना निवड समितीचा सदस्य-सचिव म्हणजे मी. साहेब अध्यक्ष, फिटर तांत्रिक सदस्य, आणि भांडारपाल हा भांडारात बसतो म्हणून सदस्य. समितीपुढे दोन कंपन्यांचे नमुने होते. एक स्वस्त आणि एक महाग. अर्थात हे शब्द कागदावर वापरत नाहीत. कागदावर एक 'किफायतशीर' होता आणि दुसरा 'उच्च श्रेणीतील'.

बाहेरच्या माणसाला वाटेल, पाना म्हणजे पाना. त्याने आमच्याकडे एक दिवस बसून बघावं. फिटर उच्च श्रेणीवाला. कुणीतरी दाढीवाला माणूस परदेशातल्या एका शेडमध्ये पाने मोडून दाखवतो, ते व्हिडिओ तो जेवताना बघतो. बाकीच्यांच्या मोबाइलवर पोराबाळांचे फोटो असतात, याच्या मोबाइलवर त्या महाग पान्याचा आहे. भांडारपाल कट्टर किफायतशीर. त्याचं म्हणणं, महाग एक घेण्यापेक्षा स्वस्त तीन घ्यावेत, दोन मोडले तरी एक उरतो. त्याच्या अंगठ्याचं नख कायम काळंनिळं असतं, पण त्याबद्दल तो पान्याला कधी बोल लावत नाही. नटाला लावतो. या दोघांनी एकमेकांबरोबर चहा पिणं सोडून दिलं होतं, आणि ज्यांनी जन्मात पाना हातात धरला नव्हता असे आम्ही बाकीचे तर त्यांच्याहून ठाम मतांचे होतो.

"दोन्ही नमुने भांडारात आहेत," मी म्हणालो. "लाख लावून मोहोरबंद. समितीच्या बैठकीशिवाय उघडता येत नाहीत."

"मग बैठक घ्या," आतून वहिनी म्हणाल्या.

"अध्यक्ष हवेत."

"हे काय, माझ्या शेजारी उभे आहेत. घामाघूम झालेत, पण आहेत."

अशी आमची तातडीची बैठक तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या दाराशी भरली. अध्यक्ष उपस्थित होते, फक्त इतर सदस्यांपेक्षा थोडे खालच्या पातळीवर. अग्निशमन दलाला बोलवावं अशी सूचना कुणीतरी मागून केली. साहेबांनी ती फेटाळली. देखभाल कार्यालयाचा प्रमुख स्वतःच्याच लिफ्टमधून काढावा लागला, हे वरपर्यंत जायला वेळ लागला नसता. लिफ्ट कंपनीचा मेकॅनिक बोलवायचा तर कराराचं नूतनीकरण साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडलं होतं. साहेब ते उद्या करणार होते.

नमुने आले. मोहोर फुटली. फिटरने महाग पाना मऊ कापडातून बाहेर काढला आणि क्षणभर नुसता तोलून बघितला. चकचकीत, जाड, मुठीत भरेल असा.

"हा लावतो आणि येतो," तो निघाला.

"थांब," आतून साहेब म्हणाले. "कार्यपद्धती काय म्हणते?"

मी वाचून दाखवलं. दोन्ही नमुन्यांची प्रत्यक्ष कामावर, समान परिस्थितीत, एकापाठोपाठ एक चाचणी घ्यावी. चाचणीची सुरुवात कमी किमतीच्या नमुन्यापासून करावी, जेणेकरून महागड्या मालाकडे समितीचा कल असल्याचा आक्षेप येऊ नये.

"साहेब, तो स्वस्तातला नटाचे कोपरे खाईल," फिटर म्हणाला.

"खाल्ले तर कळेल. त्यालाच चाचणी म्हणतात," भांडारपाल म्हणाला.

"अहो," वहिनींचा आवाज आला, "हा नियम कुणी लिहिलाय?"

"मी."

"मग तुम्हीच मोडा."

"म्हणून तर मोडता येत नाही. दुसऱ्याने लिहिलेला असता तर बघितलं असतं."

फिटर किफायतशीर नमुना घेऊन गच्चीवर गेला. आम्ही खाली श्वास रोखून थांबलो. थोड्या वेळाने वरून दात आंबतील असा एक आवाज आला, त्यामागून फिटरची एक शिवी आली, आणि त्यामागून फिटर आला.

"गोल झाला."

"काय गोल झालं?" साहेबांनी विचारलं.

"नट. सगळे कोपरे गेले."

भांडारपालाने त्याच्या हातातला पाना काढून घेतला, उजेडात धरला, उलटसुलट करून बघितला. "पान्याला ओरखडासुद्धा नाही," तो म्हणाला. मी तशी नोंद केली. नमुना क्रमांक एक चाचणीनंतर सुस्थितीत. नटाच्या स्थितीबाबत रकाना नव्हता.

मग महाग पाना वर गेला. या खेपेला कसलाही आवाज आला नाही. फिटर खाली आला तेव्हा त्याचा चेहरा जवळचं कुणी गेल्यासारखा झाला होता. पाना नटाभोवती फिरत होता. सुरेख फिरत होता, लोण्यात फिरावा तसा. नट जागचा हलत नव्हता. मी नोंद केली. नमुना क्रमांक दोन, हाताळण्यास सुलभ, पकड नाही.

"म्हणजे निकाल लागला," भांडारपाल म्हणाला.

"कोपरेच नाहीत तर पकडणार कशाला? तुझं डोकं?"

"एवढे पैसे घेतो ना? मग कोपरे असलेला नट तर कुणीही पकडेल."

मागे उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यांमध्ये या युक्तिवादाला चांगला पाठिंबा मिळाला. पण साहेब न्यायी माणूस. लिफ्टमध्ये उकडत असतानाही त्यांच्या ध्यानात आलं की, पहिल्या नमुन्याला षटकोनी नट मिळाला आणि दुसऱ्याला गोल. समान परिस्थितीच्या अटीचा भंग झाला होता. सबब चाचणी रद्द. नव्या नटावर फेरचाचणी.

"नवा नट बसवायचा तर आधी जुना काढायला हवा," फिटर म्हणाला.

"काढ."

"काढायला पाना हवा."

"पाना अजून ठरायचाय," मी म्हणालो.

आतून वहिनी हळू म्हणाल्या, "म्हणजे आपण बाहेर येऊ नये अशी नियमात सोय आहे." वहिनींना आमचं कामकाज चटकन समजलं. नवीन लागलेल्या माणसाला एवढं कळायला वर्ष जातं.

याच सुमारास मुलगी जिना चढून वर आली. खाली टॅक्सी उभी होती आणि टॅक्सीत तिचं सामान. आईबाबा फोन उचलत नाहीत म्हणून ती शोधत आली होती. आम्ही वाट करून दिली. नवा कोरा ड्रेस घातलेला असूनही ती सरळ फरशीवर पालथी पडली.

"आई?"

"आले गं. निघतोच आहोत आम्ही."

"बाबा, झालंय काय?"

"काही नाही. चाचणी पुन्हा घ्यायचीय."

"माझी गाडी आहे बाबा."

"माहितीये. आज मी वेळेवर निघालो होतो. आईला विचार."

"निघाले होते खरं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून डबा काढून फटीतून द्यायचा प्रयत्न केला. डबा फटीपेक्षा दोन बोटं जाड निघाला. त्यांनी तो आडवा करून बघितला, उभा करून बघितला, मग परत आत घेतला आणि फटीतून नुसता हात बाहेर काढला. मुलीने तो धरला. आम्ही सगळे त्या वेळी भिंतीवरचा 'लिफ्टचा वापर जपून करा' हा फलक वाचू लागलो.

"मी टॅक्सी थांबवून ठेवते," ती उठत म्हणाली. "थांबेल तेवढी. मग मात्र..."

"जिन्याने जा," साहेब म्हणाले. "लिफ्टचं काही खरं नाही."

आता फिटरने एक चाल खेळली. आपल्या आवडत्या कंपनीची अब्रू गेल्याचं त्याच्या जिवाला लागलं होतं, म्हणून त्याने महाग कंपनीच्या प्रतिनिधीला फोन करून बोलावलं. प्रतिनिधी जवळच कुठेतरी होता. तो टायबिय लावून, हातात भली मोठी पेटी घेऊन, जिना चढून आला आणि पालथं न पडता, कमरेत वाकून त्याने लिफ्टला नमस्कार केला.

"आमच्या प्रत्येक हत्याराला आजीवन हमी आहे, सर."

"आजीवन म्हणजे कुणाच्या?" वहिनींनी विचारलं. "आमच्या, का पान्याच्या?"

"पान्याच्या, मॅडम."

पण माणूस कामाचा होता. त्याने पेटी उघडली. आत मखमलीच्या खाचांत, दागिन्यांसारखी हत्यारं. त्यातून त्याने नटावर टोपीसारखं बसणारं एक जाडजूड सॉकेट उचललं. आतून पीळ दिलेले दात. गोल झालेला नट यात सापडला की जितका फिरवाल तितका घट्ट धरला जातो, अर्ध्या मिनिटात निघतो. फिटरच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मंजूर यादीत आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "यादीत पाना आहे. हे सॉकेट आहे."

त्यावर वहिनी साहेबांना जे म्हणाल्या, ते इतिवृत्तात घेतलेलं नाही. मग साहेबांनी असं काही केलं, जे त्यांच्या उभ्या नोकरीत आम्ही पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "खरेदी नको. विनामूल्य प्रात्यक्षिक म्हणून दाखवू दे. तशी नोंद करा."

मी नोंद केली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. प्रतिनिधी सॉकेट घेऊन गच्चीकडे वळला, आणि एवढ्यात लेखापालांनी सहज म्हणून विचारलं, "घरच्यासाठी असा सेट असतो का हो? छोटा?"

असतो, प्रतिनिधी म्हणाला. शिवाय कार्यालयातल्या लोकांसाठी सवलत असते, पण ती आजच्या आजच. त्याने सॉकेट परत मखमलीत ठेवलं आणि माहितीपत्रकं काढली. मग गर्दी फटीपासून हलली आणि पेटीभोवती जमली. कुणाला मुलाच्या सायकलसाठी हवं होतं, कुणाला नुसतंच घरात असावं म्हणून. भांडारपाल सगळ्यांच्या मागून येऊन हळूच विचारू लागला, "तुमच्याच कंपनीचं जरा स्वस्तातलं काही येतं का?" येत होतं. त्याची पत्रकं वेगळ्या रंगाची होती. फिटर आणि भांडारपाल कित्येक महिन्यांनी एका पत्रकावर डोकं घालून बसले. मन भरून यावं असं दृश्य होतं.

आता तुम्ही घरच्यासाठी काही घेणार असाल तर माझं ऐका, एवढ्या बैठकांमधून मला थोडं कळायला लागलंय. सगळंच महाग घ्यायची गरज नसते. हातोडी स्वस्तातली चालते. पक्कड मध्यम घ्या, सांधा ढिला नाही ना एवढं दुकानातच उघडझाप करून बघा. स्क्रूड्रायव्हर घेताना टोक बघा, मुठीच्या रंगाला भुलू नका. पाने आणि सॉकेट मात्र, जिथे तोंड नटाला नेमकं बसायला हवं, तिथे हात आखडता घेऊ नका. आणि मोठ्या सेटच्या नादी लागू नका, निम्मे नंबर आयुष्यात लागत नाहीत. नेहमीचे चार-पाच घ्या, पण चांगले घ्या. आता कुठल्या कंपनीचे, तर त्याचं नाव असं चारचौघांत घेता येत नाही. जरा जवळ या, सांगतो.

आलात.

फटीतून वहिनी बाहेर काहीतरी विचारत होत्या. पेटीभोवती गलका असल्याने आम्हाला ते नीट ऐकू आलं नाही. तुम्हालाही आलं नसावं, तुम्ही नाव ऐकायला वाकला होतात. खाली मघापासून टॅक्सीचा हॉर्न वाजत होता. तो थांबला, तेव्हा सॉकेट मखमलीतच होतं.