सरकारदरबारी वारलेले बाबलकाका

आमच्या शेजारचे बाबलकाका गाऱ्हाणं घातल्याशिवाय विहिरीवरचा पंपसुद्धा लावत नसत. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेलं मागणं. एकाने मागायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. देवळात ठीक आहे. काका पंपापुढे उभे राहून टोपी सारखी करत आणि सुरू होत, "बा देवा म्हाराजा, ह्या पंपाक काय वाकडा-नाकडा झाला असात, तां दूर कर रे म्हाराजा!" की मागच्या दारी भाकरी थापता थापता काकी ओरडत, "व्हय म्हाराजाऽऽ!"

"देवाक ऐकू येता की नाय देव जाणे," आमची ही म्हणायची, "माका मात्र येता."

एकदा सेतू केंद्रात सर्व्हर बंद पडला. काकांनी कॉम्प्युटरपुढे गाऱ्हाणं घातलं, सगळी रांग 'व्हय म्हाराजा' म्हणाली आणि सर्व्हर खरंच चालू झाला. तेव्हापासून तिथे काकांना बसायला खुर्ची मिळते. मी निवृत्त शिक्षक, मी उभाच असतो.

शिमग्याच्या आधी काकी गेल्या. घरातली गाऱ्हाणी बंद झाली. आम्ही म्हटलं, म्हातारा थकला.

या वर्षी कापणीला आलेलं भात पावसाने झोपवलं. लोंब्यांना शेतातच कोंब आले. काकांच्या घरात वर्षाचा तांदूळ नाही, पुढच्या पेरणीला बी नाही. सरकारने नुकसानीचं अनुदान जाहीर केलं, पण जमीन नवराबायको दोघांच्या नावावर, म्हणजे आधी काकींचं नाव कमी करायला हवं. "कॉम्प्युटरचं माझ्यावर सोडा," मी म्हणालो. अर्ज भरला. चष्मा घरी विसरला होता, पण असल्या किरकोळ गोष्टींनी मी अडत नाही.

सगळ्या वाडीचं अनुदान आलं, काकांचं नाही. चौकशी केल्यावर कळलं की 'मयत'ची खूण मी भलत्याच नावापुढे केली होती. सरकारदरबारी काका वारले होते आणि काकी शेती करत होत्या.

हे सांगताना मी काकांच्या पायताणापासून अंतर राखून उभा होतो. काका म्हणाले, "मगे माझ्या तेराव्याक तू जेवलंस तरी काय रे?" मग जरा थांबून, "आणि ती शेती करता? बरी आसा म्हणायची."

दुरुस्तीची मुदत संपत आली होती. मी त्यांना तालुक्याच्या कचेरीत घेऊन गेलो.

"आजोबा, तुम्ही स्वतःच सांगायचं," टेबलामागची मुलगी म्हणाली. "बाबल कोण?"

"मी. जिवंत आसय."

"आणि पत्नी?"

"खंय आसा तिचा नाव?" काकांनी विचारलं. मुलीने स्क्रीन वळवला. काकींच्या नावापुढे 'हयात' लिहिलं होतं. काका ते बघत राहिले. मागची माणसं चुळबुळ करायला लागली.

"मी सांगू का?" मी म्हणालो.

"तू गप. तू येकदा सांगलंस तां पुरे."

काका उठले. टोपी सारखी केली, स्क्रीनला हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज हिचा नाव मी हयसून काढतय रे म्हाराजा. जंय ती गेली असात, थंय तिका पावसापाण्यात भिजवू नको रे म्हाराजा."

कचेरीत कुणाला काय करावं कळेना. मुलीचा हात माउसवर तसाच राहिला. काका हात जोडून थांबले होते, मान जराशी मागे वळवून, मागच्या दारी चूल असावी तशी.

"व्हय म्हाराजा," मी कसंबसं पुटपुटलो.

"मोठ्यान म्हण रे," काका म्हणाले. "ती मोठ्यान म्हणायची."