पाच खोट्या गोष्टींची यादी

वक्तृत्वात पहिली आल्यापासून घरात तिला सगळे माइक म्हणत, कारण तिला बंद करायचं बटण कुणालाच सापडत नव्हतं. मामा बाळाला गोवराची लस द्यायला का-कू करतोय हे कळताच तिने आईला सांगितलं, "दहा मिनिटांचं काम. लिहून देते हवं तर."

शेजारच्या गल्लीत दोन मुलं गोवराने फणफणली होती आणि दवाखान्यातलं लसीकरण एकला संपणार होतं. माइक बाराला मामाच्या शिलाईच्या दुकानात शिरली. बाळ कापडाच्या तुकड्यांशी खेळत होतं.

"मामा, लोक काय काय पसरवतात, सगळं लिहून आणलंय. लशीने दात उशिरा येतात म्हणे. साफ खोटं."

मामाची कात्री थांबली. "दात? असंही म्हणतात?"

"उंची खुंटते असंही म्हणतात. तेही खोटं."

मामाने गळ्यातली टेप काढून बाळाला टाळूपासून टाचेपर्यंत मापलं.

"उंचीचं मीही ऐकलंय," पँट आखूड करायला आलेले काका म्हणाले.

"कुठे ऐकलंत?"

"आत्ताच. इथे."

"अगं, मला फक्त एवढंच विचार—"

"थांब मामा, अजून तीन राहिल्यात."

पाचवी संपली तेव्हा साडेबारा झाले होते. मामाने बाळाला छातीशी घट्ट धरलं होतं. "आज राहू दे."

ती दोन तापलेली मुलं माइकच्या डोळ्यांपुढून हलेनात. तिने यादीची घडी घालून ती शिलाई मशीनवर ठेवली. मग हळूच म्हणाली, "मामा, तू मघाशी काय विचारत होतास?"

"थोरलीला टोचल्यावर ताप आला होता. कुणी आधी सांगितलंच नव्हतं. याला आला तर काय करायचं?"

हे यादीत नव्हतं. "मला नाही माहीत," ती म्हणाली. "सिस्टरना विचारू. चल, पळ."

दवाखान्यात सिस्टर लशींचा डबा बंद करत होत्या. "येऊ शकतो ताप, आठवड्याभराने. औषध किती द्यायचं ते लिहून देते. दोन दिवसांत उतरला नाही तर इकडे आणा."

"एवढंच ना? मग टोचा."

बाळाने दवाखाना डोक्यावर घेतला. मामाने निघताना मशीनवरून उचललेली यादी माइकच्या हातात कोंबली. "ही दुकानात नको ठेवूस. गिऱ्हाइकं वाचतात."

परत आले तर पँटवाले काका पायरीवर आणखी दोघांना उंचीचं समजावत होते. माइक त्यांच्याशेजारी बसली. "काका, तुम्हाला नक्की कसली शंका आहे?"

काका पाऊण तास बोलले.