एक खिसा, डावीकडे, आतून

गोपाळअण्णांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, मापं राहतात. चामराजपेटच्या आमच्या गल्लीत माझ्या नवऱ्याचं नाव 'अडतीस' आहे. किराणावाला 'बेचाळीस, पोट वेगळं'. बायकांच्या बाबतीत अण्णा मर्यादा पाळतात आणि फक्त खांद्याचं माप बोलतात, म्हणून मी 'साडेचौदा'. एकदा मी त्यांच्यापाशी वजन वाढल्याची कुरकुर केली, तर म्हणाले, "खांदा वाढत नाही. काळजी करू नको." तेव्हापासून मला ते फार आवडतात.

अण्णा शिंपी. त्यांचे पूर्वज बेंगळुरात कधी आले हे त्यांनाही नक्की ठाऊक नाही. घरात मराठी टिकली आहे, पण आतून कन्नडचं अस्तर लावून. तयार कपड्यांनी धंदा बसवल्यावर दुकान गेलं; आता घराच्या ओसरीवर मशीन मांडून ते साडीला फॉल लावणं, कपडे उसवून घट्ट-सैल करणं अशी कामं करतात. गळ्यातली टेप मात्र देवळात जातानासुद्धा उतरत नाही. पालिकेने नवा फूटपाथ केला की अण्णा वाकून त्याची रुंदी घेतात. कुणी काहीही सांगितलं तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "माप घेतलंय का?" माझ्या मुलाने इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला तेव्हाही त्यांनी हेच विचारलं होतं.

अक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, तीन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटी शेवटी त्यांना विस्मरण झालं होतं. अण्णांनी तेव्हा त्यांच्या प्रत्येक परकराला खिसा शिवला होता. आम्ही हसलो होतो. परकराला खिसा कुणी पाहिलाय?

अक्का गेल्या आणि दोन-तीन महिन्यांनी अण्णांना टेंडरचा नाद लागला. एका रविवारी सकाळी ते आमच्या दारात उभे.

"साडेचौदा, कंप्युटर काढ. पालिकेचं टेंडर आलंय म्हणे, झाडूवाल्या बायकांच्या कोटांचं."

रस्ते झाडणाऱ्या बायका साडीवरून जो हिरवा कोट घालतात, त्याच्या खरेदीचं टेंडर होतं ते. मी ते शोधून उघडलं. ऐंशीच्या वर पानं. अनामत रक्कम, अनुभवाचे दाखले, दंडाची कलमं, वाद झाल्यास कुठल्या कोर्टात जायचं, सगळं तपशीलवार. प्रत्यक्ष कोट अर्ध्या पानात आटोपला होता: कापड, रंग, चमकती पट्टी, पाच बटणं.

"खिसा कुठाय?" अण्णा म्हणाले.

"नाहीये लिहिलेला."

"स्वल्प खाली सरकव. पुढच्या पानावर असेल."

पुढच्या पानावर दंड होता. अण्णांनी चष्मा काढून पुसला. "खिसा नाही तो कोट नव्हे," ते म्हणाले, "उशीचा अभ्रा आहे. डावीकडे, आतून, सात बाय पाच, वर झाकण आणि बटण. एवढंच तर पाहिजे."

मला वाटलं, एकट्या माणसाला वेळ घालवायला काहीतरी सापडलं, बरं झालं.

टेंडर भरण्याआधी ज्यांना शंका असतील त्यांनी येऊन विचाराव्यात अशी एक बैठक असते. अण्णांनी कडक इस्त्रीचा शर्ट चढवला आणि मला ऑफिसला रजा घ्यायला लावली. बैठकीत कंपन्यांची माणसं लॅपटॉप उघडून बसली होती. टेबलामागच्या साहेबांकडे पाहून अण्णा माझ्या कानात म्हणाले, "चव्वेचाळीस. उजवा खांदा उतरता."

चव्वेचाळीस साहेबांनी विचारलं, "फर्म कोणती?"

"फर्म नाही. शिंपी आहे."

"टर्नओव्हर किती?"

अण्णांनी क्षणभरही विचार केला नाही. "दीड इंच," ते म्हणाले. "पण झाडणाऱ्यांना पाण्याचिखलातून जावं लागतं, त्यांच्या कोटाचा खालचा काठ एकच इंच दुमडावा."

सगळा हॉल हसला. साहेबही हसले. अण्णांना वाटलं, आपला मुद्दा पटला. मग त्यांनी खिशाचं काढलं. साहेब भले होते, त्यांनी ऐकून घेतलं. पण म्हणाले, "हे वर्णन गेल्या वर्षीचं आहे, गेल्या वर्षी त्याच्या आधीच्या वर्षीचं होतं. खिसा वाढवला तर दर वाढेल, आणि तो का वाढवला हे मला फाईलवर लिहावं लागेल. खिसा मागितलाय कुणी?"

"मी."

"तुम्ही कोट घालणार आहात का?"

आठवड्याने सगळ्यांच्या शंकांची लेखी उत्तरं आली. अण्णांच्या शंकेपुढे दोनच शब्द होते: 'टेंडरप्रमाणे राहील.'

अण्णांनी तो कागद मशीनच्या वर टाचून ठेवला. वर्षभर हा आमच्या गल्लीचा विनोद झाला. "अण्णा, जेवलात का?" "टेंडरप्रमाणे." "तब्येत कशी आहे?" "टेंडरप्रमाणे राहील." हसण्यावारी नेत होते, पण त्यांना ते लागलं होतं. दुपारी मशीन बंद असायचं आणि ते वर्तमानपत्राच्या कागदावर खडूने काहीतरी आखत बसायचे.

वर्ष फिरलं, नवं टेंडर आलं. खिसा नव्हताच. त्याच साहेबांच्या बैठकीला आम्ही पुन्हा गेलो. या वेळी अण्णांच्या पिशवीत एक हिरवा कोट होता.

"कापड जास्त लागत नाही," अण्णा उभे राहून म्हणाले. टेबलावर त्यांनी वर्तमानपत्राचा आराखडा पसरला. "बाही कापताना काखेत हा तुकडा वाया जातो. शिंपी तो कचऱ्यात टाकतो. त्यातच खिसा निघतो. शिलाई तेवढी एक जास्त. माप घेतलंय."

कंपन्यांची माणसंही उठून बघायला आली. साहेबांनी कोट हातात घेतला.

"घालून बघा की," अण्णा म्हणाले. "तुमच्याच मापाचा आहे."

साहेब चपापले, पण कोट चढवला. उतरत्या खांद्यासकट बसला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते दोन शब्द बोलले, फोन सवयीने आत सरकवला, सगळ्यांना कोट दाखवला, काढला आणि अण्णांना परत दिला. बैठक पुढे सरकली. थोड्या वेळाने साहेब टेबलावर फायली उचलून बघू लागले. मग टेबलाखाली. मग शिपायाला म्हणाले, "अरे, माझा फोन बघितलास का?"

अण्णांनी शांतपणे कोटाच्या आतल्या खिशाचं झाकण उचललं आणि फोन त्यांच्यापुढे ठेवला. या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांनी पेन उघडलं.

दहा दिवसांनी टेंडरची दुरुस्ती निघाली. मी ऑफिसमधूनच अण्णांना फोनवर वाचून दाखवली: 'एक खिसा, डावीकडे, आतील बाजूस, सात इंच बाय पाच इंच, झाकण व बटणासह.' अण्णा म्हणाले, "परत वाच." मी तीनदा वाचली. संध्याकाळी घरी आले तेव्हा मशीनवरचा 'टेंडरप्रमाणे' काढलेला होता आणि गल्लीभर चिरोटी वाटून झाली होती.

टेंडर भलत्याच कंपनीला गेलं. अण्णांना त्यातलं काही मिळालं नाही, त्यांनी अपेक्षाही केली नव्हती. ते फक्त कोटांची वाट बघत होते. रोज सकाळी ओसरीवर उभे राहून विचारायचे, "आले का?" आणि आमची गल्ली झाडणारी रत्नम्मा हात हलवून नाही म्हणायची.

एक दिवस ती नवा कोट घालून आली. अण्णा अनवाणीच खाली उतरले. मी डबा भरता भरता खिडकीतून बघत होते, ती तशीच बाहेर आले. रत्नम्माने कोटाची डावी बाजू उघडून धरली. अण्णांनी गळ्यातली टेप काढून खिशाला लावली. एकदा उभी, एकदा आडवी. मग पुन्हा उभी.

"साडेसहा," ते म्हणाले. चेहरा लाल झाला. "अर्धा इंच खाल्ला. साडेचौदा, कंप्युटर काढ. सात लिहिलंय म्हणजे सात. आजच्या आज पत्र टाकू."

"सरी अण्णा, टाकू," मी म्हटलं. अर्ध्या इंचासाठी अण्णांनी नवरदेवाचा कोट लग्नाच्या सकाळी उसवलेला मी पाहिला आहे, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

"अण्णा, थांबा," रत्नम्मा कन्नडमध्ये म्हणाली. तिने खिशाचं बटण काढलं आणि आतून प्लास्टिकच्या कव्हरातली एक चिठ्ठी काढली. घामाने शाई पसरलेली होती. चिठ्ठी अण्णांच्या हातात देऊन ती माझ्याकडे वळली.

"अक्का एकदा सकाळी घरातून निघून गेल्या होत्या, आठवतं? मार्केटजवळ एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. परकराच्या खिशात ही चिठ्ठी होती, खाली अण्णांचा नंबर. पण माझा फोन हजेरीच्या ठिकाणी पिशवीत. अंगावर ठेवायचा कुठे? मग झाडू तिथेच टाकला आणि त्यांचा हात धरून चालत घेऊन आले. दर चार पावलांवर बसायच्या. दोन तास लागले. फोन जवळ असता तर अण्णा पाच मिनिटांत आले असते. इथे पोचलो तर अण्णा रस्त्यात उभे राहून रडत होते."

मला त्या दिवसाची इतकीच आठवण होती की अक्का सापडल्या. कशा सापडल्या ते मी कधी विचारलंच नव्हतं. दोन वर्षं मी टेंडरं उघडून देत होते, बैठकांना जात होते आणि मनात म्हणत होते की म्हाताऱ्याला बरा विरंगुळा मिळालाय. मला माझीच लाज वाटली.

"चिठ्ठी तुम्हाला परत द्यायची राहून गेली," रत्नम्मा अण्णांना म्हणाली. "पण टाकवली नाही. खिसा मिळाला तेव्हा पहिल्यांदा हीच ठेवली."

अण्णांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. अक्षर त्यांचंच, कन्नडमधलं. ते हळूहळू मराठीतून वाचू लागले, बहुधा माझ्यासाठी.

"हिचं नाव सुशीला. हिला घरी यायचं आहे. कृपा करून कळवा."

अक्कांना ते जन्मभर 'पावणेचौदा' म्हणत आले. अण्णांच्या तोंडून अक्कांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं, आमच्यापैकी कुणाला उद्देशून नव्हे.

मग चिठ्ठी कव्हरात नीट सरकवून त्यांनी रत्नम्माला परत दिली. "तुझ्याकडेच राहू दे," म्हणाले. तिने ती खिशात ठेवली, शेजारी फोन ठेवला आणि बटण लावलं. अण्णांनी वरून हात ठेवून बघितलं. दोन्ही मावत होती.

"अण्णा, पत्राचं काय करायचं?" मी विचारलं.

अण्णांनी टेप गुंडाळली आणि गळ्यात न घालता हातातच ठेवली.

"राहू दे," ते म्हणाले. "साडेसहा पुरतात."