अप्पांच्या लेन्समधून अप्पा

डॉक्टरांनी “जवळच्यांना बोलावून घ्या” असं सांगितलं, तेव्हा घरात पहिली अडचण उभी राहिली ती फोटोची. अप्पांनी जन्मभर स्टुडिओ चालवला. अर्ध्या गावाची लग्नं त्यांनी टिपली. पण कॅमेऱ्यामागच्या माणसाचा फोटो कोण काढणार? शोधाशोध करून सापडला तो ओळखपत्रावरचा. त्यात अप्पा नुकतीच अटक झाल्यासारखे दिसत होते.

“हा लावायचा भिंतीवर?” धाकटी कुजबुजली.

“हळू बोल. भिंतीचं नाव काढू नकोस,” आई म्हणाली.

थोरल्याने नवा डिजिटल कॅमेरा आणला. अप्पांनी डोळे उघडले. नाकात ऑक्सिजनची नळी होती.

“कशासाठी ते कळतंय मला. काढा. पण त्या प्लॅस्टिकच्या भिंगाने नाही. माझी लेन्स लावा.”

अप्पांची लेन्स धातूची, जड, सगळं हाताने फिरवायची. नव्या कॅमेऱ्यावर ती बसेना, म्हणून मधे घालायची कडी मागवली. कडी येईपर्यंत अप्पांनी तग धरला. ती आली, लेन्स बसली, तर कॅमेऱ्याने ‘लेन्स नाही’ असं जाहीर करून फोटो काढायलाच नकार दिला.

“जन्म गेला माझा हिच्यावर, आणि हा म्हणतो नाहीच?” अप्पांना धाप लागली.

थोरल्याने मेन्यूत शिरून कॅमेऱ्याची समजूत घातली. खोलीत उजेड कमी होता, त्यामुळे लेन्स पूर्ण उघडावी लागली. तशी उघडली की समोरचा बोटभर पट्टाच काय तो स्पष्ट येतो. त्याच्या पुढचं धूसर, मागचंही धूसर. अप्पांना बसवत नव्हतं. आईने मागून त्यांना खांद्यांना धरलं, तिचा गाल त्यांच्या कानाला टेकला होता.

“अप्पा, जरा श्वास रोखून धरा.”

“रोखायला आधी घ्यावा लागतो, गाढवा.”

थोरला रिंग फिरवून फोकस जुळवायचा. नेमकं बटण दाबताना अप्पांना राहवायचं नाही. ते त्या पट्ट्याच्या पुढे झुकायचे. “डोळ्यावर घे फोकस!” खटक. “कोपर छातीला लाव!” खटक. “अरे, घाई काय आहे? मी आहे अजून!” खटक.

फोटो पडद्यावर लावले. प्रत्येकात अप्पा म्हणजे नुसतं धुकं. आणि त्यांच्या मागे, अजिबात न हललेली आई. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा.

“आई, काय सुंदर आलीयेस गं!” धाकटी म्हणाली.

“माझा कशाला? मला काय धाड भरलीय?” आई लाजली.

“मरतोय मी आणि फोटो हिचा!” अप्पा गुरगुरले. “पुसून टाका सगळे. रविवारी खिडकीशी बसवा मला.”

शनिवारी सकाळी आई अप्पांसाठी दूध गाळता गाळता खाली बसली, ती उठलीच नाही. डॉक्टर धावत आले आणि सवयीने थेट अप्पांच्या खोलीत शिरले.

“इथे नाही,” अप्पा म्हणाले. “स्वयंपाकघरात.”

फोटो पुसायचे राहून गेले होते. त्यातलाच एक थोरल्याने मोठा करून घेतला. आजूबाजूचं कापलं, पण आईच्या गालाशी अप्पांचा धुरकट चेहरा थोडासा उरलाच. तो काढायचा तर आईचा गाल जात होता.

अप्पा मात्र सुधारले. कसे, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. नळी निघाली, आणि ते बाहेरच्या खोलीत त्या फोटोसमोर बसू लागले. थोरल्याने एकदा कॅमेरा पुढे केला, तर त्यांनी नुसता हात हलवून नको म्हटलं.

एक दिवस जुने पोस्टमास्तर भेटायला आले. बराच वेळ फोटोकडे पाहत राहिले.

“वहिनी अगदी आता बोलतील असं वाटतं,” ते म्हणाले. “पण कडेला हा डाग कसला? तेवढा काढून घ्यायला हवा होता.”

“डाग नाही तो,” अप्पा म्हणाले. “मी आहे.”

पोस्टमास्तर उठले. चष्मा पुसून भिंतीजवळ गेले, निरखून पाहिलं आणि सौजन्याने म्हणाले, “हो, हो. साम्य आहे.”